हिरव्या म्हणजे जिवंत

बाळांनो, घर बदलताना प्रबंधाच्या जुन्या प्रती रद्दीत टाकल्या, असं तुमची आई परवा फोनवर सहज सांगून गेली. तो प्रबंध लिहिला तेव्हा तुमच्यापैकी कोणी जन्मलंही नव्हतं, म्हणून हे आता मीच लिहून ठेवलेलं बरं.

२००६च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत श्रूजबरीला तिच्याकडे राहिले होते. ती पीएच.डी. करत होती. जुना प्रिंटर उघडायचा, शाईच्या जागी जिवंत पेशी मिसळलेली पातळ जेली भरायची आणि थरावर थर छापून कूर्चा वाढवायची, हे तिचं काम. कूर्चा म्हणजे आपल्या कानात असतं ते मऊ हाड. प्रिंटरमध्ये कागद अडकतो तशी जेलीही अडकते, हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

प्रबंध सोमवारी तिच्या मार्गदर्शक सरांना द्यायचा होता. मग सर वर्षभरासाठी परदेशी जाणार होते. त्याआधी त्यांनी तो पास केला नाही, तर पदवी लांबणार आणि ठरलेली नोकरी हातची जाणार. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हटलं, निदान स्पेलिंग तपासते. लाल पेन्सिल घेऊन बसले.

तिसऱ्याच पानावर पेशी ‘स्कॅफोल्ड’वर सोडल्या होत्या. मला ठाऊक होता तो इंग्लंडच्या इतिहासातला, राण्यांची डोकी उडवायचा चौथरा. मी समासात लिहिलं, ‘शब्द क्रूर आहे, बदल.’ ती हसता हसता खुर्चीवरून घसरली.

“अगं आई, परांची गं. इमारतीला बांधतात तशी. तिला धरून पेशी वाढतात.”

तुमचे बाबा तर चार दिवस मला विचारत होते, “आई, चहा घेता की स्कॅफोल्डवर येता?”

त्यामुळे रविवारी मी आणखी एक पान पुढे केलं, तेव्हा तिने वर पाहिलंच नाही. मी म्हटलं, “अठ्ठेचाळिसाव्या पानावर हिरव्या पेशी जिवंत आहेत. एकसष्टवर हिरव्या मेलेल्या. काय ते एक ठरव.”

“आई, ते रंग वेगळे असतात, तुला नाही कळायचं,” ती म्हणाली. मग पान हातात घेतलं आणि अठ्ठेचाळिसावं शेजारी ठेवून पाहिलं.

जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल दिसाव्यात असा रंग देतात; एकसष्टाव्या पानावर चित्राखालच्या ओळीत लाल आणि हिरवा उलटे पडले होते. त्या हिशेबाने तिने वाढवलेली सगळी कूर्चा मेलेली ठरत होती.

तिने ओळ सुधारून पान पुन्हा छापलं. सोमवारी प्रबंध गेला आणि सर निघायच्या आत पासही झाला.

ती कूर्चा प्रयोग संपल्यावर टाकून दिली. प्रती आता रद्दीत गेल्या. चुकीचं एकसष्टावं पान मी तेव्हा बॅगेत घालून पुण्याला आणलं होतं. ते माझ्या कपाटात आहे.