आमचा अलीगंजचा किल्ला

लखनौच्या एका संशोधन संस्थेत ह्यांना नोकरी लागली, तेव्हा साताऱ्याच्या आमच्या तमाम नातेवाइकांनी एकच सल्ला दिला : सांभाळून राहा. लखनौ त्यांतल्या एकानंही पाहिलं नव्हतं, पण तिथे दिवसाढवळ्या काय काय होतं ते सगळ्यांना पाठ होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या नवऱ्यानं ते मनावर घेतलं. शास्त्रज्ञ माणूस, अर्धवट काही करायचं नाही हा बाणा.

अलीगंजात घर भाड्यानं घेतलं आणि भांड्यांच्या आधी कुलपं आली. पुढच्या दाराला कडी, कडीच्या वर साखळी, साखळीच्या वर आडणा. सगळ्या खिडक्यांना लोखंडी गज. बाजूच्या बोळाला फाटक, त्याला हे एवढं कुलूप. मागच्या भिंतीवर काचा रोवायच्या म्हणून ह्यांनी कबाड्याकडून पोतंभर बिअरच्या बाटल्या आणल्या आणि एका रविवारी अंगणात बसून एकेक करून फोडल्या. ताकापलीकडे कशाला तोंड न लावलेला माणूस! पण गल्लीनं काय समजायचं ते समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी दूधवाला भैया माझ्याकडे बघून नुसता हळहळला. म्हणाला, "भाभीजी, साहब से कहिए, थोड़ा कम करें."

हा सगळा बंदोबस्त कुणासाठी, तर समोरच्या ठेकेदारासाठी. ठेकेदार कशाचे ठेके घेतो ते कुणी स्पष्ट सांगत नसे. दारात जीप, ओसरीवर बंदुका मांडीवर घेऊन बसलेली चार माणसं, आणि त्यांतला एक गळ्यात लाल गमछा घातलेला, गालावर व्रण असलेला. ह्यांनी मला पडद्याआडून त्याचा चेहरा पाठ करायला लावला होता. उद्या पोलिसांना वर्णन द्यावं लागलं तर त त प प नको व्हायला.

मी म्हटलं, "अहो, ते बसलेत म्हणून तर गल्लीत चोर फिरकत नाही."

"चोर फिरकत नाही, कारण चोर मुक्कामालाच आहे," हे म्हणाले. ह्यांच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

मुलगी तेव्हा तीन वर्षांची होत आली होती. मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. ह्यांनी तिला एक खेळ शिकवला : आईबाबा घरात दिसत नाहीत आणि दार वाजलं, तर पळत जाऊन पलंगाखाली लपायचं आणि हूं की चूं करायचं नाही. दाराबाहेरून कुणी आईच्या आवाजात हाक मारली तरीसुद्धा नाही, कारण चोर आवाज बदलतात. पोरीला खेळ भारी आवडला. माझ्या तर अंगावर काटा यायचा, पण म्हटलं, जाऊ दे, बाप-लेकीचं चाललंय.

मग आला मे महिना. साताऱ्याला आम्ही उन्हाळ्यात खिडकी उघडत असू, इथे खिडकी उघडली की भट्टीचं दार उघडल्यासारखं व्हायचं. शेवटी कूलर घेतला. पत्र्याचं केवढं धूड ते! मागच्या खोलीच्या खिडकीत बसवायचा, तर त्याचं तोंड गजांतून आत जाईना. मिस्त्री म्हणाला, गज कापावे लागतील. कापा म्हणाले हे. स्वतः स्टूल धरून उभे राहिले. बाहेर लोखंडी घोडीवर कूलर चढवला, खिडकी गच्च भरून गेली. त्या गार वाऱ्यात आम्ही दोघं इतके सुखावलो की आपण किल्ल्याला आपल्याच हातानं भगदाड पाडलंय, हे साताऱ्याच्या दोन पदवीधरांच्या टाळक्यात आलं नाही.

त्याच सुमाराला लाल गमछेवाला रोज रात्री आमच्या मागच्या गल्लीत खाट टाकून बसू लागला. ह्यांची झोप उडाली. "बघितलंस? टेहळणी सुरू झाली!" लगोलग सुतार बोलावून पुढच्या दाराला नाइट लॅच बसवलं. दार नुसतं लोटलं की आपोआप बंद, बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाव नाही. वर मला गळ्यात घालायला एक शिट्टी दिली आणि तिखटाची पुडी दिली. एवढी तटबंदी करून हे दोन दिवसांसाठी दिल्लीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध गॅसवर ठेवलं, आच बारीक केली आणि दारात रांगोळी घालायला बाहेर आले. सगळ्या गल्लीत रोज रांगोळी घालणारी मी एकटी. शेवटचे ठिपके जोडत होते. मागून कूलरचा वारा सुटलेला, त्या वाऱ्यानं दार ढकललं आणि खट्कन आवाज झाला.

किल्ली आत. शिट्टी आत, खुंटीला. तिखटाची पुडी आत. पोर आत, आणि गॅसवर दूध.

मी दार बडवायला लागले. "अगं, उठलीस का? आई आहे बाहेर!" आतून धावत्या पावलांचा आवाज आला. दाराकडे नव्हे, आत, पलंगाकडे. मग सगळं चिडीचूप. माझी गुणाची बाय खेळ खेळत होती. मी हाका मारू तेवढी ती गप्प. बाजूच्या फाटकाकडे धावले, त्याला ते भलंमोठं कुलूप. परत दाराशी आले तर करपलेल्या दुधाचा वास. दूध उतू गेलं म्हणजे आच विझली असणार. पाठोपाठ दाराच्या फटीतून गॅसचा वास यायला लागला. त्या क्षणी मला ह्यांचा असा संताप आला की हे समोर असते तर काय केलं असतं, देव जाणे.

मी तशीच, रांगोळीच्या हातांनी, रस्ता ओलांडून ठेकेदाराच्या ओसरीवर गेले. तो बनियनवर कडुलिंबाची दातून चावत उभा होता.

"भाईसाहब, मेरी बच्ची अंदर, दरवाज़ा बंद, गैस..." एवढंच बोलता आलं.

त्यानं दातून फेकली. एका माणसाला मीटरजवळचा मेन स्विच बंद करायला पिटाळलं. आणि मग, लखनौचं पाणीच ते, हात जोडून मला म्हणाला, "भाभीजी, इजाज़त हो तो हमारा आदमी आपके घर में घुस जाए?"

"घुसिए!" मी भर रस्त्यात किंचाळले. "अरे, घुसिए ना!"

लाल गमछेवाल्यानं पुढच्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ओसरीवरची सतरंजी खांद्यावर टाकली आणि मागच्या गल्लीकडे पळाला. काचांवर सतरंजी पडली असणार, कारण पुढच्याच क्षणी मागून कूलर सरकवल्याचा खडखडाट आणि पाणी सांडल्याचा आवाज आला. मग आत एकेक खिडकी धाडधाड उघडली. मग काहीच नाही. तो तिला शोधत होता. ती शांतता आजही माझ्या छातीवर बसते.

लॅच फिरलं आणि दार उघडलं. ज्याचा चेहरा मी पोलिसांसाठी पाठ केला होता, तो माणूस माझ्याच घराच्या पुढच्या दारातून बाहेर आला. भिजलेला, खोकत, आणि कडेवर माझी लेक. ती त्याच्या गमछ्याशी खेळत होती.

"पलंग के नीचे थीं," तो म्हणाला. "कहती हैं, पापा ने बोला है, चुप रहना. बहुत समझदार बिटिया है."

मी तिला पोटाशी धरलं, ढसाढसा रडले, आणि वर तिलाच एक धपाटा घातला.

डोळे पुसून मी ठेकेदाराला विचारलं, कूलरमागे गज नाहीत हे तुमच्या माणसाला कसं ठाऊक?

तो संकोचला. "भाभीजी, गर्मियों में आधा लखनऊ कूलर के रास्ते खुला रहता है. जिस दिन आपका कूलर लगा, उसी दिन से हमने इसकी खाट पीछे की गली में डलवा दी. आप लोग बाहर से आए हैं, आपको क्या पता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे दिल्लीहून आले. मी सगळं सांगितलं. कूलर सांगितला, मागची खाट सांगितली. ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा ह्या माणसानं?

"त्यानं आत काय काय पाहिलं?"

"तुमची मुलगी पाहिली," मी म्हटलं. "पलंगाखाली. तोंडावर हात ठेवून पडली होती, तुम्ही शिकवलं तश्शी."

हे तडक मागच्या खोलीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून पाहिलं, तर शास्त्रज्ञ जमिनीवर ओणवे होऊन पलंगाखाली बघत होते. तिथे काही नव्हतं, तिची एक चप्पल होती फक्त. ती हातात घेऊन बसून राहिले.

मग उठले, तोंड धुतलं, खुंटीवरून नाइट लॅचची दुसरी किल्ली काढली आणि अनवाणीच रस्ता ओलांडला. मी पडद्याआडून नाही, दारात उभी राहून बघत होते. ठेकेदारानं उठून ह्यांना आपली खुर्ची दिली. ह्यांनी किल्ली त्याच्यापुढे धरली आणि आमच्या त्या सातारी हिंदीत म्हणाले, "ये आपके पास रहने दीजिए."

ठेकेदारानं किल्ली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

"इसकी क्या ज़रूरत थी, भाईसाहब, कूलर तो लगा ही है," तो म्हणाला. मग ह्यांचा चेहरा पाहून किल्ली खिशात ठेवत म्हणाला, "ख़ैर. जाड़ों में कूलर उतरेगा, तब काम आएगी."