प्रागचा जवारी नट

सोळा डिसेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. सांगलीजवळ तंबोरे घडवणाऱ्या एका चाचांच्या कारखान्यात मी तारेचा नाद किती वेळ टिकतो, हे मोजत होते. तेवढ्यात प्रागचा एक नट-गायक तंबोरा न्यायला आला. पाचगणीत शिकलेल्या मराठीत त्याने आपली कारकीर्द ऐकवली: वीस वर्षे रंगभूमी, दोन राजे, असंख्य प्रेते. प्रेतालाही तो संवाद मागत असावा, हे माझे अनुमान.

तार घोडीवर, म्हणजे तिला आधार देणाऱ्या पट्टीवर, घासून उठणाऱ्या झंकाराला वादक जवारी म्हणतात. आमच्या भागात गावठी वांग्याला, कोंबडीलाही हाच शब्द. मी हे सांगताच छातीवर हात ठेवून नट म्हणाला, "मीपण जवारी!"

"आवं सायेब, जवारी कोंबडी पण एवढी कलकलत न्हाई," चाचा म्हणाले. "आता तार छेडतो. नाद विरंस्तवर गप बसा, मगच तंबोरा तुमचा."

त्याने डोळे मिटले, मान कलती केली, नाकपुड्या फुलवल्या. मौनाचाही अभिनय केला. तार गुंजत असतानाच तो उद्गारला, "बघा, किती शांत बसलो मी!"

चाचांनी तंबोऱ्याला गवसणी घालून तो पुन्हा खुंटीला टांगला. मी नटाचे मौन नोंदवले: चार सेकंद.