डावीकडची सीट

रुख्मा माझ्या शेजारी जवळजवळ पाच वर्षं राहिली आणि त्या सगळ्या काळात मी तिला तिच्या नावानं एकदाही हाक मारली नाही. आता सांगताना लाज वाटते. वाटलीच पाहिजे. बाकीच्यांचं मला माहीत नाही, त्यांचं त्यांनी बघावं.

मी कलाबाई. गोंदियाजवळ कुडव्यात राहते, ब्लाऊज शिवते. खिडकीशी मशीन आहे आणि खिडकीसमोर लीलाधरभाऊंचं आंगण, त्यामुळं त्यांच्या घरात काय चाललंय हे मला न बघताही दिसायचं. लीलाधरभाऊंचं गोंदियाच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान. माणूस शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची पहिली बायको वच्छला, ती माझी मैत्रीण. बारीक, हसरी, बोलायला लागली की माझी सुई थांबायची.

१९९९ साली लीलाधरभाऊंनी मॅटिझ कार घेतली. आमच्या गल्लीत तोवर सगळे टू-व्हीलरवाले. ही गाडी एवढीशी, गोल डोळ्यांची, बघितली की हसूच यायचं. वच्छला तर वेडी झाली. "कलाताई, पाय ना, कशी डोळे वटारून पायते माह्याकडं!" म्हणायची. रोज संध्याकाळी डावीकडच्या सीटवर बसून ती बाजारात जायची. पायी दहा मिनिटांवरचा कुडव्यातलाच बाजार, पण बाई कारनं जाणार.

२००१च्या माघात कचारगडच्या डोंगरात गोंडी देवांची यात्रा होती. वच्छला म्हणत होती, रेल्वेनं जाऊ, दरेकशाला उतरू, सगळ्यांसोबत चालत जाऊ. लीलाधरभाऊंनी ऐकलं नाही. गाडी असताना रेल्वे कायले? दोघंच गेले. दुपारी निरोप आला. दरेकशाच्या अलीकडच्या वळणावर वच्छला चालत्या गाडीतून खाली पडली होती आणि जागच्या जागी गेली होती. "तिनं दार नीट लावलं नव्हतं," असं भाऊंनी सगळ्यांना सांगितलं. गाडीत काही खोट नव्हती, गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता. मी त्या गाडीकडं बघत नसे. मला त्या गाडीचाच राग यायचा, जणू गाडीनं मुद्दाम केलं, आणि दार नीट न लावणाऱ्या वच्छलाचाही.

पुढं त्या कंपनीचं दुकान आपल्या देशातून उठलं. पार्ट मिळेनात. दोन वर्षं गाडी आंगणात पडून राहिली आणि मग भंगारवाल्यानं नेली. वच्छलाला नेलं तेव्हा लीलाधरभाऊंच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. गाडी नेली त्या दिवशी मात्र माणूस पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी लग्न केलं. मुलगी रुख्मा, आईबाप नसलेली, डोंगरगडकडं आत्याजवळ वाढलेली. भाताची रोवणी करून करून खांदे भरलेले, चालली की जमीन दणदणायची. लग्नात भाऊंनी हट्टानं ताटात तांदूळ मागवले. नाव बदलायची ही रीत आमच्याकडं सगळ्या घरांत नाही, पण नवरदेवाला कोण आडवणार? अंगठीनं तांदळात त्यांनी नाव लिहिलं. मी पुढंच उभी होते. वाचलं. वच्छला लिहिलं होतं.

बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. एका म्हातारीनं तर "बरं झालं, घराला सवय आहे नावाची," म्हणून पेढा तोंडात टाकला. माझ्या आज्यानं छप्पनला धर्म बदलला तेव्हा घरातली नावंही बदलली, पण ती आपल्या मर्जीनं, छाती पुढं काढून. ही पोर खाली मान घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर मेलेल्या बाईचं नाव ठेवलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही.

आठवड्याभरात लीलाधरभाऊ ब्लाऊजपीस घेऊन माझ्याकडं आले.

"भाभी, सहा शिवा."

"पाठवा तिला, माप घेते," मी म्हणाले.

"माप त आहे ना तुमच्या वहीत. वच्छलाचं."

मी तोंडाकडं बघत राहिले. माणूस चेष्टा करत नव्हता. वही उघडली. वच्छलाचं पान तसंच होतं, छाती बत्तीस, बाही सात, गळा गोल. आणि मी, दुसऱ्याला दोन शब्द सुनवायला कधी न कचरणारी, मूग गिळून त्याच मापानं सहा ब्लाऊज शिवले. का? गिऱ्हाईक म्हणून? शेजारी म्हणून? खरं सांगते, कात्री चालवताना मलाही क्षणभर वाटलं की वच्छलाच येऊन नेणार आहे. बरं वाटलं होतं मला. आग लागो त्या बरं वाटण्याला.

रुख्मा दुसऱ्या दिवशी आली. हात वर होत नव्हता, श्वास पुरत नव्हता. "मावशी, हे कोनाचं आहे?" एवढंच विचारलं. त्यानंतर मी तिचे सगळे ब्लाऊज गुपचूप सैल शिवत गेले. लीलाधरभाऊंना कळलं नाही. पण नाव? नाव मी वच्छलाच घेत राहिले. सगळी गल्ली घ्यायची. ती पण 'ओ' द्यायची, जरा थांबून.

एक मात्र सांगते, तो माणूस तिला मारत नव्हता. शिवी देत नव्हता. तसं काही असतं तर मी चार बाया घेऊन दारात उभी राहिले असते. तो फार प्रेमानं वागायचा आणि ते प्रेम तिचं नव्हतं. वच्छलाला कारलं आवडायचं म्हणून हिच्या ताटात कारलं. वच्छला हसायची तशी हस म्हणायचा. पोर आरशात बघून हसायची प्रॅक्टिस करायची, मी खिडकीतून बघितलंय.

आणि २००८ साली ती गाडी परत आली.

तीच गाडी. कंपनी वेगळी, नाव वेगळं, स्पार्क म्हणून. तोंडात थोडा फरक, पण बांधा तोच, तोच ठेंगणेपणा. लीलाधरभाऊंनी ती नागपूरच्या रस्त्यावर बघितली आणि तडक घरी आले. नेट कॅफेत बसून सगळं काढलं. "भाभी, वही गाडी है! मेक्सिकोत जी-टू म्हणतात, पाकिस्तानात जॉय म्हणतात. नाव काही असू द्या. गाडी मेलीच नव्हती, भाभी. दुसऱ्या नावानं फिरून राहिली होती सगळीकडं!"

डोळे चमकत होते माणसाचे. मी म्हणाले, "भाऊ, गाडीचं ठीक आहे. माणसाचं तसं नसते." त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

गाडी आली, तोच रंग. डावीकडच्या सीटवर त्यांनी वच्छला लावायची ती पावडर शिंपडली होती. रुख्मा पहिल्यांदा बसून आली ती थेट माझ्याकडं, पांढरीफटक.

"मावशी, त्या सीटवर बसली का पाठीले कोणी तरी टेकते."

"मनाचे खेळ," मी म्हणाले.

"मनाचे नाही. मी सरकून बसली, त तेही सरकलं. आता म्हनतात, माघात कचारगडले जाऊ. त्याच रस्त्यानं. तेव्हा पोचलो नाही, म्हनतात, आता पोचू." मग तिनं माझा हात धरला. तिचे हात मजुराचे, घट्ट. "मले भेव वाटते. मी वच्छला म्हून बसली त वच्छलासारखीच पडीन."

तिथं माझं डोकं ठिकाणावर आलं. चार वर्षं उशिरा आलं, पण आलं. यात्रेच्या दिवशी सकाळी लीलाधरभाऊंनी गाडी काढली तेव्हा मी मागच्या सीटवर आधीच बसले होते. "मलाबी कचारगड पाहायचा आहे," म्हणाले. त्यांना नाही म्हणता आलं नाही.

सालेकसा सुटलं, जंगल लागलं, वळणं सुरू झाली. पुढं-मागं यात्रेच्या जिपा, पिवळे झेंडे, गाणी. आमच्या गाडीत रुख्मा ताठ बसली होती, पाठ सीटला टेकवत नव्हती. तिच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता.

"गाडी थांबवा," ती म्हणाली. "मले मळमळून रायलं."

"पाच मिनिटं, वच्छला."

"थांबवा ना."

"त्या दिवशी बी हेच म्हटलं तू." लीलाधरभाऊ रस्त्याकडं बघत बोलत होते, आवाज एकदम मऊ. "मळमळते, म्हटलं. मी म्हटलं, नवी गाडी आहे, मागं जीपवाला आहे, पुढं थांबतो. तीनदा म्हटलं तू. मी नाही थांबवली. मंग तू सोताच दार उघडलं."

आठ वर्षं हा माणूस सांगत होता की तिनं दार नीट लावलं नव्हतं. आठ वर्षं मी माझ्या मैत्रिणीला मनातल्या मनात बेफिकीर म्हणत होते.

रुख्माचा हात दाराकडं गेला. मी मागून तिचा खांदा गच्च धरला. तिनं माझा हात बाजूला केला आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मी दार उघडत नाही," ती म्हणाली. "मी रुख्मा आहो. रुख्माचा जीव घाबरून रायला. तुमी गाडी थांबवा."

गाडी थांबली. मागची जीप कर्कश हॉर्न वाजवत बाजूनं गेली.

रुख्मा उतरली, रस्त्याच्या कडेला बसून ओकली, पदरानं तोंड पुसलं. मी पाणी घेऊन गेले. लीलाधरभाऊ स्टेअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"मी येत नाही, मावशी," रुख्मा म्हणाली. "दरेकसा टेशन जवळच आहे. पॅसेंजरनं आत्याकडं जाते."

"मीबी येते तुझ्यासंग, रुख्मा." पहिल्यांदा घेतलं मी तिचं नाव. जीभ अडखळली मेली.

तिनं मान हलवली. "तुमी त्यांच्यासंग जा. एकट्याले नोका सोडू." एवढं सोसूनही ती पोर त्याच्यासाठी बोलली. यात्रेची माणसं चालली होती त्यांत ती मिसळली. लांब ढांगा टाकत गेली, मागं वळून बघितलं नाही. पुढं कळलं, आत्याकडं तिनं पुन्हा शेती धरली. लग्न नाही केलं. बरी आहे.

मी गाडीत मागं बसले. लीलाधरभाऊ गाडी सुरू करेनात. पाव तास गेला. "चला भाऊ," म्हटलं, "घरी चला." ते डावीकडच्या रिकाम्या सीटकडं बघत राहिले. माणूस असा किती वेळ बसेल, ऊन चढत होतं, जिपा अंगावर येत होत्या. शेवटी मी चिडून उतरले आणि पुढं जाऊन बसले.

गाडी लगेच सुरू झाली. वळवली, सालेकशाच्या वाटेला लागलो.

पहिल्या वळणावर त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "मळमळते का, वच्छला? मळमळलं त सांगजो. थांबवतो."

मी कलाबाई, पन्नाशीला आलेली, तोंडाची फटकळ. अर्ध्या तासापूर्वी ह्याच नावापायी एक पोर संसार सोडून गेली होती. मला काही मळमळत नव्हतं. पण त्या माणसाचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, थांबवा."

त्यांनी थांबवली. अगदी अलगद, कडेला घेऊन. थोडं थांबून निघाले, पुढच्या वळणावर पुन्हा विचारलं. त्या घाटात किती वळणं आहेत मला माहीत नाही. दर वळणावर ते विचारत गेले, दर वेळी मी हो म्हटलं आणि दर वेळी त्यांनी गाडी थांबवली.