आण्णांची दोन माणसांची गाडी

गॅरेजमध्ये एक पत्र्याचा डबा असतोच. गाडी खोलून परत जोडली की दोन-चार नटबोल्ट उरतात, ते त्यात टाकायचे. कुठल्या गाडीचे, कुणाला आठवत नाही, पण फेकून देववत नाहीत. उद्यमनगरात बाबू मिस्त्रीच्या गॅरेजवर सकाळचा चहा प्यायला आम्ही वीस-पंचवीस वर्षं जमत होतो, तर किश्श्यांचंही असंच झालंय. त्यातले आण्णांच्या गाडीचे तेवढे आज काढतो.

आम्ही म्हणजे चौघं. बाबू मिस्त्री, हायस्कूलवर गणित शिकवणारे सावंत सर, गुळाचे व्यापारी आण्णा, आणि मी. माझं शेजारीच स्पेअर पार्टचं दुकान. आण्णांकडं एक पांढरी, लांबलचक गाडी होती. गाडी कसली, पालखीच! मऊ गाद्या, नंतर बसवून घेतलेला एसी, मागच्या काचांना पडदे. आत बसलं की रस्ता संपल्यावरच कळायचं. बावीस वर्षं वापरली आणि एक दिवस आण्णांनी ती देऊन टाकली. बदल्यात घेतली एक दोन सीटची, बिनटपाची, जमिनीला टेकलेली रेसची गाडी.

आण्णांचं वय तेव्हा छप्पन्न. नेसायला धोतर, डोक्यावर टोपी. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार असेल.

* * *

ती गाडी बाबूनंच बनवलेली. मुरगूडच्या रणजितसाठी. रणजित म्हणजे घरचा ऊस, अंगात रग आणि शर्यतीचं वेड. बाबूनं सांगाडा हातानं वेल्डिंग करून, छोट्या गाडीचं इंजिन बसवून त्याला ती करून दिली होती. एसी नाही, रेडिओ नाही, दार नाही. आत बसलं की पट्ट्यानं आवळून घ्यायचं. स्टिअरिंग वळवायला दोन दंड लागायचे.

मग रणजितचं लग्न ठरलं. सासरे म्हणाले, "पावणं, पोरगी देतो, पर तिला सामानासारखी बांधून न्यायाची न्हाय." रणजित तोंड पाडून गॅरेजवर आला. मागं सीट असलेली गाडी पाहिजे म्हणाला. आण्णा चहा पीत बसले होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "माझी ने. तुझी मला दे."

आम्हाला वाटलं, चेष्टा करतायत. दुसऱ्या दिवशी पालखी मुरगूडला गेली.

* * *

पहिल्या दिवशी आण्णांना गाडीत शिरताच येईना. दार नाही, म्हणजे वरनं टांग टाकूनच आत जायचं. एक पाय आत, एक बाहेर, धोतराचा सोगा गिअरमध्ये अडकलेला. समोरच्या पिठाच्या गिरणीतल्या बायका दळण सोडून बघायला लागल्या.

बाबू गंभीरपणे म्हणाला, "आण्णा, आधी पाय घाला. अब्रू मागनं येतीया."

आत बसल्यावर आण्णांनी विचारलं, "हॉर्न कुठं हाय रे?"

"हॉर्न बसवला न्हाय. चालू करा, मग तुम्हीच सांगा लागतोय का."

चालू केली. गिरणीतल्या बायकांनी कानावर हात ठेवले. हॉर्नचा विषय तिथंच संपला.

* * *

गूळ मार्केटात तर निराळीच गंमत. ढेपांनी भरलेल्या बैलगाडीमागं आण्णांची गाडी उभी राहिली की कुणाला दिसायचीच नाही. एकदा पुढचा बैल मागं सरकायला लागला म्हणून आण्णांनी हात वर करून हाळी दिली. ओळखीचा हमाल धावत आला, वाकून बघतो तर आण्णा तिथं खाली बसलेले.

"आण्णा, काय सांडलंय काय? थांबा, मी हुडकतो."

* * *

सावंत सरांना आण्णांनी एकदा रंकाळ्यापर्यंत फिरवून आणलं. सर परत आले ते दोन मिनिटं भिंतीला धरून उभे. केस उभे, चष्म्यावर एक चिलट चिकटलेलं. मी विचारलं, "सर, कसं काय वाटलं?"

सरांनी विचार करून उत्तर दिलं. गणिताचा माणूस, घाईनं बोलत नाही. "शंकर, त्या गाडीतनं कोल्हापूर दिसायचं. ह्या गाडीत ते लागतं."

पण सर हसत होते. आण्णाही हसत होते. त्या पांढऱ्या गाडीतनं उतरताना आण्णांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

* * *

आता वैनींचं सांगतो. आण्णांच्या मंडळी, पद्मावैनी. बोलायला फटकळ, मायेनं लोणी. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा त्यांनी कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारली.

"दोनच माणसांची? मग बाकीची माणसं कुठं जायाची?"

आण्णा म्हणाले, "बाकीच्यांचं बाकीचे बघतील. तू बस की."

"मी न्हाय बसायची असल्या खुळ्या गाडीत. उघड्यावर, तुमच्या शेजारी, साऱ्या पेठेतनं? लोक काय म्हणतील? आणि गुडघे काय तुमचं वाकणारेत व्हय, माझंच वाकायचं."

म्हणून दर रविवारी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवदर्शनाला जाताना वैनी रिक्षानं निघायच्या. आणि आण्णा? ती मुरगूडची घोड्यागत उधळणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये दाबून रिक्षाच्या मागं मागं. रिक्षा थांबली की थांबायचं, वळली की वळायचं. नवीन रिक्षावाला एकदा घाबरून वैनींना म्हणाला, "मावशी, मगापासनं एक गाडी मागं लागलीया. पोलीस चौकीकडं घेऊ काय?"

वैनींनी मागं वळून बघितलं नाही. म्हणाल्या, "नगं. ते माझंच हाय."

आम्ही गॅरेजवर हा किस्सा सांगून पोट धरून हसायचो. आण्णाही आमच्यात हसायचे. पण वैनी शेजारी बसेनात, ही गोष्ट त्यांना आत लागलेली होती, ते हसण्यात लपत नव्हतं.

* * *

एकदा बाबू आणि सर नव्हते, आम्ही दोघंच होतो. मी जरा चिडूनच बोललो. मला आडपडदा जमत नाही.

"आण्णा, वैनींचं गुडघं दुखत्यात, तुमची पाठ दुखतीया. पालखी काय वाईट होती? ह्या वयात हे काय नवीन खूळ?"

आण्णांनी बशीत चहा ओतला. प्यायला नाही.

"शंकर, त्या गाडीत ती कुठं बसायची?"

"मागं."

"पहिली पाच वर्षं पुढं आबा बसायचे. माझे वडील. मग आई. तिला मागं उलटी व्हायची म्हणून. मग थोरला पोरगा, मग धाकटा. आणि घरात पावणा आला की पुढची सीट पावण्याची, ही आमच्या घरची रीत. आमच्यात पावण्यांना काय तोटा?"

मी कप खाली ठेवला.

"बावीस वर्षं तिला मी आरशात बघितलं रे. तेबी सगळं न्हाय. कपाळ, कुंकू आणि डोळं. ती काय बोलली तर मला वळून बघता येत न्हवतं, आणि पुढं बसलेला माणूस बोलायचं थांबत न्हवता."

पुढं बसलेला माणूस. पन्हाळ्याला म्हणू नका, जोतिबाला म्हणू नका, बेळगावला म्हणू नका. प्रत्येक वेळी आण्णांनी "या" म्हटलं की मीच जाऊन पुढं बसायचो. वैनी मागं सरकून पिशव्या मांडीवर घ्यायच्या. एकदाही माझ्या मनात आलं नाही. मला त्या दिवशी फार लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

* * *

मग कोडोलीचं प्रकरण झालं.

गल्लीतल्या आठ बायका आणि वैनी टेंपो करून कोडोलीला एका पूजेला गेल्या होत्या. घरी जाऊन जेवू म्हणून निघाल्या आणि कोडोली बरीच मागं पडल्यावर उसाच्या रानात टेंपो बंद पडला. आता ही सगळी जैनांची घरं. दिवस मावळला की ह्यांचं जेवण बंद. त्यात दुसऱ्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे कडक उपास. आज सूर्य बुडायच्या आत तोंडात घास गेला नाही, तर एकदम परवा सकाळी. आणि वैनींना साखरेचा आजार.

साडेचार वाजता टेंपोवाल्याचा फोन माझ्या दुकानावर आला, पार्ट सांगायला. मी आण्णांकडं माणूस पळवला, पार्ट हुडकण्यात पाऊण तास गेला, मग बाबूला मोटारसायकलवर घेऊन निघालो. आण्णांच्या सुनेनं नऊ जणींच्या भाकऱ्या थापल्या, मुगाची आमटी केली. गाडीला डिकी नाही, म्हणून डबे, दह्याचं भांडं आणि गाळलेल्या पाण्याची कळशी शेजारच्या सीटवर ठेवून पट्ट्यानं आवळली.

आम्ही केर्लीच्या पुढं होतो, तर मागनं काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला आणि बाजूनं एक टोपी गेली. खरंच टोपीच दिसली, बाकी गाडी खाली. बाबू मागनं माझ्या कानात ओरडला, "नाद न्हाय करायचा! बनवल्यापासनं आज पहिल्यांदा कुणीतरी नीट चालवली."

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकलेला. आठ बायका बांधावर ओळीनं बसून जेवत होत्या. वैनींना गुडघ्यामुळं खाली बसता येत नाही. डबे काढल्यावर गाडीतली ती एकच सीट मोकळी झालेली. त्या तिथं बसून, ताट मांडीवर घेऊन जेवत होत्या. आण्णा रस्त्यावर उभे राहून तांब्यातनं पाणी वाढत होते आणि सारखे पश्चिमेकडं बघत होते.

"सावकाश जेव," ते म्हणाले. "अजून दोन बोटं हाय."

वैनींनी शेवटचा घास खाल्ला, वर पाणी घेतलं, हात धुतला. मग सूर्य गेला.

टेंपो तासाभरानं चालू झाला. बायका चढल्या. वैनी उठायला लागल्या तर आतनं एक म्हातारी ओरडली, "ए पद्मे, आता बसलीयास तर बस की तिथंच! इथं आमालाच जागा न्हाय."

वैनींनी आण्णांकडं बघितलं. डोक्यावरनं पदर घेतला, तो दातात धरला आणि म्हणाल्या, "सावकाश चालवायची."

आण्णांनी ती गाडी कोडोलीपासनं कोल्हापूरपर्यंत इतकी सावकाश चालवली, की टेंपो आधी पोचला. दोघं वाटेत काय बोलली देव जाणे. त्या इंजिनापुढं ऐकू तरी काय येत असणार? पण दुसऱ्या रविवारी रिक्षा आली, ती वैनींनी परत पाठवली.

* * *

त्यानंतर आठ-नऊ वर्षं गेली. ती दोघं कोल्हापूरच्या ओळखीची झाली. डोक्यावर पदर, डोक्यावर टोपी, दोघांचा एक एक हात त्यावर दाबलेला. पोरं शाळेतनं सुटली की हात करायची. वैनी आण्णांच्या तोंडाकडं वळून मोठ्यानं काहीतरी सांगत असायच्या, आणि आण्णा मान हलवत असायचे.

मग आण्णांच्या पाठीनं दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, हे धक्के आता बंद. वैनींचे गुडघेही बोलायला लागलेले. ही बातमी मुरगूडला पोचली आणि एका सकाळी रणजित गॅरेजवर हजर. आता दोन पोरांचा बाप, पोट सुटलेलं. आणि बरोबर ती पांढरी पालखी! नवीन रंग, नवीन गाद्या, एसी गार.

"आण्णा, ही तुमची तुम्ही घ्या. मला माझी परत द्या. अजून स्वप्नात येतीया."

 आण्णांनी पालखीच्या बॉनेटवरनं हात फिरवला. मग छोट्या गाडीची किल्ली काढून रणजितच्या हातावर ठेवली. "हिच्या गुडघ्यासाठी घेतो," म्हणाले. त्यांच्या आवाजावरनं मला कळलं, हा माणूस मोडलाय. बाबू उगीचच एक पाना पुसत बसला.

आण्णांबरोबर आलेल्या वैनी बाकड्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या. पालखीजवळ गेल्या, मागचं दार उघडलं. गादी दाबून बघितली. पडदा बाजूला सारून बघितला, तोच होता, निळा. मग दार हळू लावलं.

रणजित पुढं धावला. पुढचं दार उघडून धरलं. "काकी, मागं कशाला? आता तुम्ही ऐटीत हितं पुढं बसायचं."

वैनींनी त्याच्या हातातनं किल्ली काढून घेतली आणि आण्णांच्या हातात परत दिली. मग छोट्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, मला म्हणाल्या, "भावजी, जरा हात द्या." मी हात दिला. एक गुडघा, मग दुसरा, अशा कण्हत आत बसल्या आणि डोक्यावर पदर घेतला.

रणजित दार धरूनच उभा होता. "काकी, अवो, बसून तर बघा. किती ऐसपैस हाय."

"व्हय रे बाळा," वैनी म्हणाल्या. "म्हणूनच नगं. तिच्यात लई माणसं बसत्यात."