पळी पाण्यात

माझ्या आईनं रुखवतात दिलेली पितळी पळी मी माशाला घातली, हे माहेरी कळायला चार वर्षं लागली. कळलं तेव्हा आई म्हणाली, "तुझं डोकं फिरलं होतं का गं?" फिरलं नव्हतं. पण त्या काळात आमच्या घरात कुणाचं डोकं ठिकाणावर होतं, असंही म्हणता येणार नाही.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आमचे हे धरणावर ओव्हरसिअर होते. राधानगरीच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे ते तिकडे एकटेच राहायचे. दसऱ्याच्या तोंडावर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो.

पाय दोन महिन्यांत सुधारला. बोलणंही ताळ्यावर आलं. उजवा हात हलायचा, मूठ वळायची, पण बोटांना काही म्हणजे काही कळायचं नाही. आणि ही बोटं साधी नव्हती हो. लेथवरून उतरलेल्या दांड्यावर अंगठा फिरवून ते सांगायचे, "अजून केसभर हाय." मग कुणी माप लावलं की तेवढंच निघायचं. वर्कशॉपमधली माणसं म्हणायची, माप चुकेल, पण यांचा अंगठा चुकणार नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "जे परत यायचं ते साधारण वर्षभरात येतं. हात वापरत राहा. पुढचं मी आज सांगत नाही." म्हणजे पुढच्या दसऱ्यापर्यंत काय ते व्हायला हवं होतं.

हात वापरतील तर शपथ. त्याला कारणही घडलं. थंडीत एके सकाळी मी चहाचा पेला त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उजव्या हातात धरला आणि खिडकीतून पाण्याकडे बघत बसले. मी परत आले तर बोटांना टरटरून फोड आलेले. मी ओरडले, "भाजलं की हो!" त्यांनी बोटांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "व्हय?"

त्या दिवसापासून तो हात शालीखाली गेला. डाव्या हातानं जेवायची लाज वाटायची म्हणून ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. यांनी समजावलं, मी समजावलं. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, तशातली गत. मला राग यायचा, अगदी तळपायाची आग मस्तकात जायची, आणि त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघून रडूही यायचं.

आमच्याकडे एक म्हातारा नावाडी तंबाखू खायला येऊन बसायचा. बाजारच्या दिवशी पलीकडच्या वाड्यांतली माणसं इकडे आणायचं त्याचं काम. त्याच्या दोन होड्या होत्या, त्यातली धाकटी नुसती पडून असायची. एकदा तो मामंजींना सांगायला लागला, "पूर्वी सायेब लोक यायचं. त्यास्नी गांडूळ नगं, कणीक नगं. चमचा बांधायचं दोरीला आणि होडीमागनं वडत न्यायचं. लांबच्या लांब, निवांत. त्यो चमचा पाण्यात लुकलुकायचा, आन् खडस त्येच्यावर असा तुटून पडायचा म्हंता!"

खडस म्हणजे सोनेरी खवल्यांचा, दांडगा मासा. तो ओढ्याच्या तोंडाशी राहतो आणि गळाला लागला तर धरणाऱ्याला घाम फोडतो.

मामंजी कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा वळून बसले. "केवढा चमचा?" त्यांनी विचारलं. "कसा वाकलेला?" नावाड्यानं तळहात वाकवून दाखवला. मामंजी उठून माझ्या स्वयंपाकघरात गेले आणि फडताळावरची सगळी भांडी डाव्या हातानं उलथीपालथी करून माझी पळी घेऊन आले. आतून कल्हई, बाहेरून पितळ.

"एका अंगानं चांदी, एका अंगानं सोनं," ते म्हणाले. "हिचा दांडा कापायचा."

"ती माझ्या आईनं दिलेली आहे," मी म्हटलं.

"मग चांगलीच आसंल की."

मी दोन तास तोंड फुगवून बसले. मग स्वतःच करवत शोधायला गेले, कारण भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसानं काहीतरी मागितलं होतं.

कापायचं, ठोकायचं, घासायचं काम माझ्याकडे आलं. मामंजी शेजारी बसून हुकूम सोडायचे. "कानस पुढं ढकलताना दाबायची, मागं घेताना न्हाय. भाकरी थापतीस का लोखंड घासतीस?" मी म्हणायची, "तुमच्या हातात घ्या मग." पळीची वाटी ठोकून जरा पसरट केली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, एका टोकाला तीन तोंडांचा गळ आणि दुसऱ्याला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी. पहिल्याच दिवशी पळी पाण्यात गरागरा फिरली आणि तंगुसाला असा पीळ बसला की सोडवताना माझी नखं तुटली. मामंजी मात्र खुशीत. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी मला एक फिरती कडी करायला लावली. पळी फिरली तरी दोरी फिरायला नको, एवढंच तिचं काम. ती कडी मी सहा वेळा बिघडवली. सातवी जमली तेव्हा त्यांनी डाव्या अंगठ्यानं चाचपून पाहिली आणि म्हणाले, "बरी हाय." त्यांच्याकडून 'बरी हाय' मिळालं म्हणजे काय, ते वर्कशॉपमधल्या माणसांना विचारा.

नावाड्यानं त्याची धाकटी होडी दिली, ती मीच वल्हवायची. माझं माहेर नृसिंहवाडीच्या पलीकडच्या काठाचं, आमचं निम्मं रान नदीपल्याड, त्यामुळे वल्हं मला लाटण्याइतकंच ओळखीचं. हे आधी बिचकले, साहेब काय म्हणतील म्हणून. साहेब काहीच म्हणाले नाहीत. नळावरच्या बायका मात्र म्हणायला लागल्या, सासऱ्याला घेऊन सून रोज पाण्यात जाते, हे काही खरं नाही. मी म्हटलं, "तुमच्याही सासऱ्यांना पाठवा, होडीत जागा आहे." मग त्या दुसऱ्या विषयावर गेल्या.

रोज सकाळी यांचा डबा भरला की आम्ही निघायचो. वल्हवणारीचं तोंड होडीच्या मागच्या बाजूला असतं, त्यामुळे मामंजी सतत माझ्या समोर. त्यांच्या मागं चाळीस-पन्नास हात दोरी, तिच्या टोकाला पाण्याखाली माझी पळी. मी आपली नदीच्या सवयीनं जोरात वल्हवायची, की पळी पाण्याच्या वर येऊन उड्या मारायची. "सावकाश," ते म्हणायचे. "वरातीला निघालीयास, शर्यतीला न्हाय." मग अगदीच हळू झालं की पळी तळाला जाऊन बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत अडकायची. त्या मधली चाल सापडायला मला पंधरा दिवस लागले. ती सापडली की दोरी धरणाऱ्याच्या बोटाला पळीची थरथर कळत राहते. मी स्वतः धरून पाहिलं होतं. मांजर मांडीवर घुरघुरतं ना, तशी ती थरथर.

दोरी ते डाव्या हातानं धरायचे. उजवा मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

एक दिवस माझं सटकलं. तळ्याच्या मधोमध मी दोन्ही वल्ही आत घेतली. "उजव्या हातात धरा, नाहीतर मी वल्हवत नाही."

"त्येला काय कळतंय?"

"म्हणूनच धरा."

"घरला चल."

"पोहत जा," मी म्हटलं. सासऱ्याला असं बोलणारी सून आमच्या घराण्यात मी पहिलीच असेन. होडी वाऱ्यानं हळूहळू भलतीकडे जायला लागली. ते डोंगराकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी डाव्या हातानं दोरी उचलली, उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर ठेवली आणि मूठ मिटली. मी वल्ही पाण्यात टाकली.

तेव्हापासून मी रोज विचारायची, "काही कळतंय का?" ते म्हणायचे, "न्हाय." मधे एक पावशेराचा खडस लागला, पण दोरी ताणलेली आधी मला दिसली, त्यांना मी सांगितलं तेव्हा कळली. त्याचं कालवण केलं. ते भिंतीकडे तोंड करून जेवले.

होळीच्या सुमाराला एके सकाळी ते आपणहून म्हणाले, "कळतीया."

"काय?"

"थरथर. पळी फिरतीया ती."

माझ्या हातातून वल्हंच सुटलं. कसंबसं धरलं आणि मी हसत, रडत दोरी आत ओढून घेतली, का तर ती पळी एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून. पळीला शेवाळाचा हा एवढा गोळा गुंडाळलेला. असली पळी पाण्यात फिरतच नाही. थरथर कुठली येणार?

मी तो गोळा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मान खाली घातली. "तू रोज इचारतीस," ते म्हणाले. "किती दिस न्हाय म्हनायचं मी?"

मला इतकं वाईट वाटलं की रागच आला. "माझ्या समाधानासाठी बोलायचं असेल तर उद्यापासून येऊ नका," मी म्हटलं.

"येनार," ते म्हणाले. "आन् कळल्याबिगर आता बोलनार न्हाय." मीही विचारायचं सोडलं. दोन महिने आम्ही त्या पाण्यावर फिरलो ते नुसत्या वल्ह्यांच्या आवाजात, आणि खरं सांगते, माझा धीर सुटत चालला होता. दसरा पाच महिन्यांवर आला होता.

उन्हाळा सरत आला. नावाड्यानं सांगितलं, आठ दिवसांत होडी वर ओढून ठेवायची, पाऊस लागला की मग दिवाळीपर्यंत नाव काढायचं नाही. दिवाळीपर्यंत म्हणजे दसरा उलटून. त्यातल्या सहाव्या दिवशी आम्ही ओढ्याच्या तोंडाकडे गेलो. तिथं पाण्यात बुडालेल्या जुन्या झाडांचे बुंधे आहेत, त्यांच्या कडेनं मी वरातीच्या चालीनं होडी नेत होते. मामंजींनी एकाएकी डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली.

"काय होतंय?" मी विचारलं.

"गप. वल्हव."

मी वल्हवत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. बोलणार नाही म्हणालेला माणूस, तो बोलत नव्हता. नुसतं मिटल्या डोळ्यांनी उजव्या मुठीकडे कान लावून बसल्यासारखा बसला होता. तेवढ्यात दोरी ताणली गेली. या खेपेला मी पाहायच्या आधी त्यांनी डोळे उघडले. उजवी मूठ घट्ट झाली, आणि दोरी त्या मुठीतून सपासपा पळायला लागली. "डाव्यात घ्या!" मी ओरडले. घेतली नाही. सगळी दोरी संपली, टोक बसायच्या फळीला बांधलेलं होतं, तिथं हिसका बसून होडीचं मागचं अंग गर्रकन फिरलं. मग दोरी तुटली. पाणी पुन्हा होतं तसं झालं.

"माझी पळी!" मी म्हटलं. इतक्या महिन्यांत त्या क्षणी मला पळीच आठवावी.

मामंजींनी मूठ उघडली. तंगुसानं पहिलं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलं होतं, रक्त मनगटाकडे चाललं होतं. ते बघत राहिले. फोड आले होते तेव्हा बघितलं होतं तसंच. मग म्हणाले, "झोंबतंय."

मी वल्ही सोडली.

"झोंबतंय गं," ते परत म्हणाले. "लई झोंबतंय." त्यांनी हात होडीबाहेर काढून पाण्यात बुडवला आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मला बघवेना. "गार हाय," ते म्हणाले. "पानी गार हाय, पोरी."

मग आम्ही दोघंही रडलो, चांगलं मोठ्यानं, ऐकायला होतं कोण! किती वेळ ते मला आठवत नाही. होडी कुठंतरी बुंध्याला जाऊन टेकली होती. परतताना मी वरातीची चाल विसरून नदीवरच्यासारखी वल्हवत सुटले, आणि त्यांनी मला सावकाश म्हटलं नाही. बोट मात्र सारखं पाण्यात घालत होते आणि काढत होते.

काठावर हे उभेच होते. रक्त बघून त्यांचा चेहरा उतरला. "अगं, एवढं कापलंय आणि तुम्ही दोघं हसताय काय? हळद आणतो," असं म्हणत ते घराकडे पळायला निघाले.

मामंजींनी त्यांना हाक मारली. "हळद नगं आनूस रं," ते म्हणाले. "झोंबू दे जरा."