बोयाशी जुळलेला वारा

पंचेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात गणित शिकवते. विषय घेतला कोकण किनाऱ्याजवळच्या प्रवाहांचा. समुद्र मी आयुष्यात चारदा पाहिला आहे. त्याने काही अडत नाही. समीकरणं हरिशंकरपुरमच्या घरात बसूनही तीच असतात, आणि मॉडेल चालायचं ते मार्गदर्शकांच्या संस्थेतल्या संगणकावर. नणंदेला मात्र ते पटायचं नाही. “वहिनी, चंबळ जवळ आहे, तिच्यावर करा ना. निदान जाऊन बघता तरी येईल.”

समुद्राच्या एका तुकड्याचं मॉडेल करायचं तर दोन गोष्टी बाहेरून द्याव्या लागतात. वरून वारा, ऊन, पाऊस. आणि जिथे आपला तुकडा संपतो तिथे, उघड्या कडांवर, पलीकडच्या समुद्राचं पाणी: किती गरम, किती खारट, कुठे वाहतं. दोन्ही तयार मिळतं. मोठ्या संस्था साऱ्या पृथ्वीसाठी ते काढून ठेवतात, आपण फक्त निवडायचं. प्रबंधात ही निवड दीड पानात आटोपते आणि बाकीची सगळी पानं तिच्यावर उभी असतात.

माझ्यापुढे तीन संस्थांचे तीन वारे होते. किनाऱ्यापासून दूर नांगरलेला एक तरंगता बोया तिथला वारा मोजतो. तिन्ही त्याच्याशी ताडून पाहिले. एक इतका जुळला की आलेखावर दोन रेषा वेगळ्या दिसेनात. तो घेतला. कडेचं पाणीही त्याच वाऱ्यावर चालवलेल्या जागतिक मॉडेलचं घेतलं, कारण वारा एका घरचा आणि पाणी दुसऱ्या घरचं असलं की कडेला पाणी तुंबतं आणि खोटे प्रवाह तयार होतात.

चार वर्षं मॉडेल चाललं. त्यात मला एक गोष्ट सापडली. पावसाळा संपल्यावर किनाऱ्याला लागून पाण्याचा एक अरुंद पट्टा काही दिवस उलटा वाहत होता. प्रबंध म्हणजे तो पट्टाच.

शेवटची मुदतवाढ चालू होती, सहा महिने उरले होते. डेटाचं प्रकरण लिहायला मी त्या वाऱ्याची माहितीपुस्तिका पुन्हा उघडली. पूर्वी पहिली वीस पानं वाचली होती. या वेळी शेवटचं परिशिष्ट वाचलं. हा वारा तयार करताना ज्या ज्या ठिकाणची मापं त्यात मिसळली, त्यांची ती यादी होती. माझा बोया त्यात होता. म्हणजे मी बोयाला बोयाशीच ताडून पाहिलं होतं. जुळणारच.

माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, यांच्या संस्थेकडे एका बंदरावरच्या वाऱ्याची मापं होती, जी बाहेर कुणाला दिलेली नव्हती, म्हणून तिन्हीपैकी कुठल्याच वाऱ्यात मिसळलेली नव्हती. ती मागवून घेतली. त्यांच्याशी तिन्हींमध्ये माझाच वारा सगळ्यात वाईट जुळला. किनाऱ्याजवळ, जिथे माझा पट्टा, तिथेच.

सर माझ्याहून सहा वर्षांनी लहान. फोनवर म्हणाले, “मॅडम, ‘मर्यादा’मध्ये दोन ओळी टाका. परीक्षक एवढ्या खोलात जात नाहीत.”

“ते नाही जाणार. पण पट्टा आहे का?”

“ते कसं सांगू?”

“पावसाळ्यानंतरचा एकच महिना दुसऱ्या वाऱ्यावर चालवून बघते.”

“कडेचं पाणी?”

“आहे तेच. बदलायला वेळ कुठे आहे?”

“मग जे येईल त्यावरही विश्वास ठेवता येणार नाही,” ते म्हणाले. ते मलाही माहीत होतं.

चालवलं. पट्टा नव्हता. पश्चिमेच्या कडेला पाणी तुंबलं होतं आणि तिथून निघालेला गोंधळ किनाऱ्यापर्यंत आला होता. पट्टा खरोखर नाही, की या गोंधळाने मोडला, हे कळायचा मार्ग नव्हता. वारा आणि कडा दोन्ही बदलून सगळं पहिल्यापासून चालवायचं तर दोन वर्षं लागली असती.

मुलीने जेवताना विचारलं, “आई, रिझल्ट तो अच्छा आ रहा था ना? मग आता काय झालं?”

“ताळा चुकीच्या ठिकाणी केला होता.”

“तो फिर से करो.”

“तेवढी मुदत उरली नाही.”

तिने भाजी मागितली.

दोन ओळी टाकून प्रबंध देता आला असता. आठवडाभर तसा विचारही केला. ओळी लिहिल्या, चांगल्या जमल्या होत्या. पण त्यांच्या नंतरच्या पानावर ‘आम्हाला असे आढळले’ हे वाक्य होतं, आणि आढळलं काहीच नव्हतं. जागा अडवून ठेवण्यातही अर्थ नव्हता. मी सोडलं तर सरांना दुसरा विद्यार्थी घेता येणार होता.

विद्यापीठात नोंदणी रद्द करायचा अर्ज दिला. कारण वेगळ्या कागदावर पानभर लिहून जोडलं होतं. बाबूने तो कागद काढून परत दिला.

“इतना कौन पढ़ेगा, मैडम? घरेलू कारण लिख दीजिए. लेडीज़ का यही चलता है.”

“घर का कुछ नहीं है. डेटा ग़लत चुना मैंने.”

“वो तो आपके गाइड बताएँगे. इस ख़ाने में दो ही शब्द आते हैं.”

माझ्या मागे तिघं उभे होते. त्याने स्वतःच ते दोन शब्द लिहिले आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी सही केली. बारा वाजता माझा तास होता, तो घेतला.