कपिलेचं पोट

दुसऱ्याच्या पोटाची आमच्या साडूंइतकी काळजी करणारा माणूस या वाळवंटात दुसरा नाही, आणि ते पोटही माणसाचं नव्हे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, हे यजमान रास अल खैमात फरशांच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहेत. कारखान्याजवळच अंगण असलेलं घर भाड्यानं घेऊन राहतात आणि त्या अंगणात त्यांनी एक अल्पाका पाळली आहे. अल्पाका म्हणजे उंटाची धाकटी, लोकरवाली नातेवाईक. ओळखीच्या एका अरबानं आपला फार्म बंद करताना "हबीबी, तुम ले जाओ" म्हटलं आणि हे खरंच घेऊन आले. नाव ठेवलं कपिला. "काका, शी इज नॉट अ काऊ!" असं माझ्या मुलीनं बजावलं, तेव्हा म्हणाले, "नसू दे. रवंथ करते ना? मग झालं." कपिलेच्या गोठ्याला एसी आहे. साडू बाहेर खुर्ची टाकून घाम पुसत बसतात.

बसतात म्हणणंही तसं खोटंच. या माणसाला बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. खुर्चीत टेकले तरी एक पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत असतो. त्यात कपिलेला पोटाचं दुखणं. दोन आठवडे बरे गेले की पुन्हा तेच: रवंथ बंद, दात करकर वाजवायचे, बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. तिच्यासोबत साडूंचीही उठबस सुरू. मग मला दुबईत सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसात फोन येणार, "साडूबुवा, लेंड्या पातळ झाल्यात. फोटो पाठवलाय, बघा जरा." तो फोटो मी एकदा भर मीटिंगमध्ये उघडला. माझा लॅपटॉप तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेला होता, हे त्यांना बिचाऱ्यांना कसं कळावं? गणपतीच्या आरतीतही हे टाळ शेजाऱ्याच्या हातात कोंबून बाहेर पळणार, ताईंना फोन लावणार आणि विचारणार, "उठली का?" ताई म्हणतात, "माझं बाळंतपण झालं तेव्हा याच्या निम्मीसुद्धा चौकशी नव्हती."

या वर्षी मात्र थट्टा संपली. कपिला मान टाकून आडवी झाली. जनावरांच्या डॉक्टर, एक मल्याळी बाई, दोन दिवस तिच्याजवळ होत्या. निघताना त्यांनी साडूंना स्पष्ट सांगितलं, "सर, इस बार बच गई. अगली बार शायद नहीं बचेगी. इसके पेट में रोज़ गेहूँ जा रहा है. घास के सिवा कुछ नहीं, खलास!"

गहू! साडू पेटले. आपल्या कपिलेच्या जिवावर कोण उठलंय? गोठ्यावर चार भाषांत पाटी लागली. माळ्यावर संशय गेला, शेजारच्या फिलिपिनो नर्सबाईंवर गेला, माझ्या मुलीचे खिसे बिस्किटांसाठी तपासले गेले. ताई दिवसभर शाळेत शिकवायला असतात म्हणून सुटल्या. शेवटी साडूंनी गोठ्यात कॅमेरा बसवला आणि पुढच्याच शनिवारी मला फोन केला, "चोर सापडला. यल्ला, लगेच या."

मी पोचलो तर ते दारातच फोन धरून उभे. पडद्यावर भर दुपारी हेल्मेट घातलेला एक इसम गोठ्यात आला. त्यानं बूट काढले, डबा उघडला, तूप-गूळ लावलेली अख्खी पोळी कपिलेला भरवली आणि हात जोडले.

"अहो, हे तर तुम्ही!"

"मीच," ते म्हणाले. "पण मी तिला खायला कुठे घालतोय? तो गोग्रास आहे."

जेवायच्या आधी गाईचा घास काढायचा, ही त्यांच्या आईची शिकवण. फोन ठेवताना तिचा रोजचा प्रश्न एकच असायचा, "गोग्रास काढलास ना रे?" इथे गाय कुठली? वर्षानुवर्षं हे नाइलाजानं "हो" म्हणत आले आणि मग कपिला मिळाली. पहिल्यांदा खरं "हो" म्हणता आलं. आई गेली तेव्हा हे गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. "विचारणारं कुणी नाही म्हणून बंद करू?" साडू माझ्यावर ओरडले आणि पायरीवर बसले. पाय हलत नव्हता. मला ते फार वाईट वाटलं.

पोळी त्याच दिवशी बंद झाली. कपिला आता ठणठणीत आहे, एसीत उभी राहून गवत चावत असते. पण साडूंचा हात ऐकेना. पुढच्या शनिवारी जेवायला बसलो, तर त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तूप-गूळ लावला आणि तो हातात धरून नुसते इकडेतिकडे पाहू लागले. टेबलाखाली पाय सुरू झाला. मला ते बघवेना. मी हात पुढे केला. "आणा इकडे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घास माझ्या हातावर ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. ताई हसल्या नाहीत.

तेव्हापासून दर शनिवारी मी तो घास खातो. एरवी दुपारी जेवायच्या सुट्टीत त्यांना फोन करतो, "गोग्रास काढलात ना?"

"काढला. पण ठेवू कुठे?"

"फ्रिजमध्ये ठेवा. शनिवारी येतोच आहे."

मग ते हळूच विचारतात, "तुमचं पोट बरं आहे ना?"